कार्यठाण्याची डागडुजी

‘वर्कस्टेशन’ या शब्दाला सर्वमान्य मराठी प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. तथापि ठाणे शहरापुरता हा प्रश्न परस्पर सुटण्यासारखा आहे. ज्या शहराचे नाव शिलाहारांच्या श्रीस्थानकाशी नाते सांगते, जेथे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी येऊन थांबली आणि ज्याच्या नावाचा कोशातला अर्थच मुळी ‘स्टेशन’ असा आहे, तेथे वर्कस्टेशनला ‘कार्यठाणे’ म्हणण्यास कोणाची हरकत असू नये. पत्रे लिहिणे, वीजबिल भरणे आणि अधूनमधून पत्ते लावत बसणे या सामान्य संगणकाच्या कर्तव्यांपलीकडे जाऊन इमारतींचे त्रिमित आराखडे, यंत्रभागांचे रेखन किंवा चित्रफितींचे संपादन अशी अवजड कामे तासन्‌तास करण्यासाठी बांधलेला संगणक म्हणजे कार्यठाणे. आणि हेच सामर्थ्य हातात उचलून नेता येईल अशा पेटीत कोंबण्याचा जो प्रयत्न मोठ्या कंपन्या करीत आल्या आहेत, त्यातून वर्कस्टेशन लॅपटॉप ही जात जन्मास आली. थिंकपॅडची पी मालिका, प्रिसिजन आणि झेडबुक ही या जातीची नामांकित घराणी होत.

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायचे यंत्र, असे व्युत्पत्ती सांगत असली तरी या जातीला मांडी वर्ज्य आहे. पंधरा इंची यंत्राचे वजन अडीच ते तीन किलो भरते, सतरा इंचीचे त्याहूनही अधिक. आणि मांडीवर ठेवून अर्धा तास काम केल्यास वजनापेक्षा उष्णतेचा प्रश्न आधी उभा राहतो. शिवाय त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर एकटाच पाऊण किलोच्या आसपास जातो. आकाराने आणि वजनाने तो विटेच्या इतका जवळचा असतो की, पंढरपुरानंतर विटेवाचून ज्याचे चालत नाही असे महाराष्ट्रातले हे दुसरेच दैवत म्हणावे लागेल.

ही यंत्रे नवी घेण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांची. त्या ती बहुधा तीन-चार वर्षांच्या कराराने घेतात आणि मुदत संपताच ढिगाने विकून टाकतात. या ढिगातून ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे पुसूनपासून पुन्हा विक्रीस ठेवलेले, असे बिरुद लावून ती ठाण्यातल्या नौपाड्यात येतात आणि गोखले रोड, राम मारुती रोड व घंटाळी यांच्यामधल्या गल्ल्यांतील वास्तुविशारद, चित्रफीत-संपादक, डीटीपीवाले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्या टेबलांवर दुसरा जन्म घेतात. विकत घेताना त्यांच्या झाकणावर एखाद्या दूरच्या कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाचा कागद चिकटलेला असतो आणि तो कितीही खरवडला तरी पूर्ण निघत नाही. माहेरचे नाव असेच राहून जाते.

अशा यंत्रांच्या दुखण्यांचे वर्गीकरण करण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही, कारण ते ठाणे महानगरपालिकेने आधीच करून ठेवले आहे. पालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि तीत चार वर्ग असतात: अतिधोकादायक असल्याने तातडीने रिकामी करून पाडावयाची ती सी-१, रिकामी करून दुरुस्त करावयाची ती सी-२ए, रहिवाशांना न हलवता दुरुस्त करता येईल ती सी-२बी आणि किरकोळ डागडुजीची ती सी-३. कार्यठाण्यांना ही प्रतवारी जशीच्या तशी लागू पडते. मुख्य मंडल, म्हणजे ज्याला बाजारात ‘बोर्ड’ म्हणतात, ते जळाले तर सी-१. यंत्र पूर्ण उकलून आतली उष्णतेची व्यवस्था नव्याने लावावी लागली तर सी-२ए. मागचे झाकण काढून स्मृती किंवा साठवण वाढवली तर सी-२बी. आणि धूळ झाडणे, तारा नीट खोवणे हे सी-३. नौपाड्यात दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणातून निघणारा निष्कर्ष असा की, दुखणे बहुधा सी-३चे असते, निदान सी-१चे होते आणि खर्च सी-२बीचा केला जातो.

हे असे का होते, हे समजण्यासाठी निदानाची पद्धत पाहावी लागते. यंत्र मंदावले की मालक प्रथम घरातील तरुण पिढीला विचारतो, ती ‘जुना झालाय’ असे सांगून मोकळी होते. नंतर सोसायटीतील एखाद्या निवृत्त अभियंत्याचा सल्ला घेतला जातो, ज्यांचा अनुभव खराच दांडगा असतो, परंतु तो रोहित्रांचा असतो. तिसरी पायरी म्हणजे न्यू जर्सीतला भाचा. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढी पात्रता पुरेशी मानली जाते; ज्याने गेल्या दहा वर्षांत हातात स्क्रूड्रायव्हर धरलेला नाही त्याला तिकडच्या पहाटे उठवून पंख्याचा आवाज फोनवर ऐकवला जातो, आणि तो बिचारा मामाचा मान राखण्यासाठी ‘रॅम वाढवून बघा’ असे म्हणतो. अखेरीस यंत्र दुरुस्तीच्या दुकानात पोहोचते. तेथील कारागीर जाणता असला तर धूळ झाडून यंत्र परत देतो, आणि घाईत असला तर ‘काका, बोर्ड गेलंय’ हे तीन शब्दी निदान ऐकवतो, ज्याचे खंडन करण्याचे कोणतेही साधन काकांपाशी नसते. या दोन टोकांच्या मध्ये ‘फॉरमॅट मारून बघू’ हा मध्यममार्गी उपचार आहे. त्यात रोग जातो की नाही हे सांगता येत नाही, पण मुलीच्या लग्नाचे फोटो नक्की जातात.

वस्तुतः पहिली तपासणी विटेची व्हावयास हवी. वॅट हे वीज किती वेगाने खर्च होते ते मोजण्याचे माप असून, घरगुती लॅपटॉपचे भागते ६५ वॅटवर, तर कार्यठाण्याला भरगच्च कामाच्या वेळी १७०, २३० किंवा २४० वॅट लागतात. अलीकडे बहुतेक यंत्रांना टाइप-सी हे एकच टोक चालते, म्हणून घरातील कोणीतरी हाताशी आलेला हलका चार्जर खोवून देतो. यंत्र नकार देत नाही; पहिल्या दिवाळसणाला सासरी आलेल्या जावयाप्रमाणे ते अर्धपोटी राहूनही काही बोलत नाही, फक्त हळू चालते. काही अडॅप्टरांच्या टोकात मधोमध एक बारीक सुई असते आणि तिच्यामार्फत यंत्र अडॅप्टरची ओळख पटवून घेते. ती सुई वाकली की यंत्र आपल्याच अडॅप्टरला परका समजते, बॅटरी भरण्याचे थांबवते आणि स्वतःचा वेग मुद्दाम खाली आणते. एका वाकलेल्या सुईपायी अनेक घरांत नवी रॅम आलेली आहे.

दुसरे आणि नौपाड्यात सर्वांत मोठे कारण म्हणजे धूळ. संगणकाचा मुख्य प्रक्रियक, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो काम करताना तापतो. त्याची उष्णता तांब्याच्या चपट्या नळ्यांतून बाहेर नेली जाते. या नळ्या भरीव नसून त्यांच्या पोटात थोडासा द्रव असतो, जो तापलेल्या टोकाशी वाफ होतो, थंड टोकाशी पुन्हा पाणी होतो आणि सतत येरझारा घालत उष्णता वाहून नेतो. थंड टोकाशी पातळ पत्र्यांची एक जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा फेकतो. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धूळ अडकत गेली की वर्ष-दोन वर्षांत तिचा घोंगडीसारखा घट्ट थर जमतो, आणि मग पंखा कितीही ओरडला तरी हवा बाहेर पडत नाही. प्रोसेसरला साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतच तापण्याची मुभा असते. पाणी ज्या तापमानाला उकळते त्याच्या जवळ पोहोचताच तो जीव वाचवण्यासाठी आपली गती तोडतो. यालाच मालक ‘हँग होतो’ म्हणतो.

आता ही धूळ येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर या भागात राहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. तीन-चार मजल्यांच्या, उद्वाहन नसलेल्या, अंगणात आंबा किंवा फणस असलेल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. या मनोऱ्यांचे त्रिमित आराखडे याच गल्ल्यांतल्या कार्यठाण्यांवर तयार होतात. तात्पर्य, वास्तुविशारद खिडकीशी बसून समोरच्या सोसायटीचा मनोरा रंगवतो, त्या चित्रावर भाळून सभासद सह्या करतात, जुनी इमारत पडते, तिचा चुना, माती आणि सिमेंट त्याच खिडकीतून आत येऊन त्याच यंत्राच्या जाळीत बसतात आणि पुढच्या सोसायटीचा मनोरा रंगवताना यंत्र बंद पडते. कर्मविपाकाचे इतके आटोपशीर उदाहरण धर्मग्रंथांतही क्वचितच आढळेल.

हा थर बाहेरून फुंकर मारून जात नाही. बाहेरून मारलेल्या हवेने तो उलट आत ढकलला जातो. मागचे झाकण काढून, पंखा सोडवून, पाती बोटाने धरून ठेवून तो हाताने उचलावा लागतो आणि तो निघतो तेव्हा अखंड निघतो, एखाद्या लहान पापडासारखा. त्याच बैठकीत प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधला थर्मल पेस्ट नावाचा लेपही बदलावा, असे जाणकार सांगतात. दोहोंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा असतात आणि त्या खाचांतली हवा उष्णता अडवते, म्हणून हा लेप भरतात. काही वर्षांत तो गतवर्षीच्या मखराला लावलेल्या खळीसारखा वाळून भुगा होतो. लेप किती लावावा, वाटाण्याएवढा की मसुराएवढा, ठिपका द्यावा की फुली मारावी, यावर कारागिरांत जेवढे पंथ आहेत तेवढे मोदकाला किती कळ्या असाव्यात यावर सुगरणींतही नसतील.

तथापि धूळ झाडण्यास प्रतिष्ठा नाही आणि रॅम वाढवण्यास आहे. रॅम म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती. काम चालू असताना जे जे समोर हवे ते पसरून ठेवण्याची ती जागा. पुनर्विकासाच्या वाटाघाटींत मुरलेल्या नौपाडकरास ती चटकन समजते, कारण तिचा स्वभाव चटई क्षेत्र निर्देशांकासारखा आहे: ती कितीही मिळाली तरी वाढीव मागावीशी वाटते. अनेक मोठ्या कार्यठाण्यांत रॅमच्या चार खोबणी असतात, परंतु मागचे झाकण उघडले की त्यांतल्या दोनच दिसतात; उरलेल्या दोन कळफलकाखाली असतात, आणि तेथे पोहोचायचे तर सबंध कळफलक उचकटावा लागतो. जुन्या घरांतल्या पोटमाळ्याप्रमाणे त्या आहेत हे पुष्कळांना ठाऊकच नसते. झाकण उघडून, दोन्ही खोबणी भरलेल्या पाहून, ‘जागा नाही’ असा शेरा मारून चांगल्या पट्ट्या काढून टाकल्याची उदाहरणे विपुल आहेत. पट्ट्या जोडीने आणि एकसारख्या बसवाव्यात असा संकेत आहे, कारण वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र आल्या की सर्वांना सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालावे लागते, जसे विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकला ढोलपथकाच्या.

नव्या पट्ट्या बसवल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू केले की ते पडदा काळा ठेवून स्मृतीची ओळख करून घेत बसते आणि यात कधी कधी काही मिनिटे जातात. या शांततेवर विश्वास ठेवणारा मालक दुर्मीळ. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात बटण दाबून यंत्र बंद करतात, पुन्हा सुरू करतात, पुन्हा बंद करतात आणि अखेर ‘नो डिस्प्ले’ अशी तक्रार घेऊन दुकान गाठतात. काही यंत्रे अशा वेळी दिव्याची उघडझाप करून आपले दुखणे स्वतःच सांगतात; एका प्रसिद्ध घराण्याच्या बऱ्याच यंत्रांत दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा दिवा लागला तर ‘रॅम सापडत नाही’ असे समजायचे असते. मात्र हे मिचकावणे वाचणारे थोडे; बाकीचे त्याला बॅटरी भरत असल्याची खूण समजून समाधानाने चहाला जातात. येथेच खोडरबराचा प्रवेश होतो. ठाण्याच्या दमट हवेत पट्टीच्या कडेच्या सोनेरी संपर्कबिंदूंवर मळ चढतो, तो शाळकरी खोडरबराने हलकेच घासला की पुष्कळदा यंत्र जिवंत होते. फार घासल्यास सोन्याचा मुलामाही जातो, हे खरे. पण लाखभर रुपयांचे यंत्र पाच रुपयांच्या खोडरबराने उठते, हे दृश्य पाहिलेल्या मालकाला तो बारकावा ऐकू येत नाही.

रॅमच्या या विस्ताराचा उपयोग काय होतो, याचे सर्वांत रम्य उदाहरण अक्षरजुळणीच्या धंद्यात आढळते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेमुळे मराठी डीटीपीवाल्यांचा श्रावण ते आश्विन हा काळ कमालीच्या धावपळीचा असतो, आणि यंत्रे बंद पडतात तीही नेमकी याच काळात. म्हणून काही जण ६४ जीबी रॅमचे कार्यठाणे घेतात आणि त्यावर पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर चालवतात. पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी, आवृत्ती २००१ साली आली. ती ३२ बिटी पद्धतीची असल्यामुळे तिला सारी सूट दिली तरी ४ जीबीपलीकडची स्मृती दिसूच शकत नाही, आणि सामान्यतः तिचा हात २ जीबीपर्यंतच पोहोचतो. उरलेले ६० जीबी रिकाम्या दिवाणखान्यासारखे पडून असतात. तरीही मालकाच्या मते पाने ‘आता कशी पटापट’ उलटतात, आणि त्याच्या या अनुभवाचे खंडन करण्याची क्रूरता शास्त्राने करू नये.

साठवण वाढवण्याचा प्रकार यापेक्षा उपयुक्त, परंतु फसवा आहे. पूर्वीच्या फिरत्या तबकडीऐवजी आता एसएसडी, म्हणजे एकही भाग न हलणारी साठवणपट्टी, वापरतात. तिच्यावर ‘२२८०’ असे लिहिलेले असते, म्हणजे ती २२ मिलीमीटर रुंद आणि ८० मिलीमीटर लांब असते. पण एवढ्याच मापाच्या दोन पट्ट्या दोन निराळ्या भाषा बोलू शकतात. साटा पद्धतीची पट्टी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट माहिती वाचते, तर एनव्हीएमई पद्धतीच्या तिसऱ्या पिढीतली पट्टी ३,५०० मेगाबाइटपर्यंत जाते. दादर हे नाव एकच असले तरी एक दादर मध्य रेल्वेचे आणि एक पश्चिम रेल्वेचे, तसेच हे. चुकीच्या दादरला उभे राहून कर्जतची गाडी येत नाही.

दादरचा उल्लेख येथे अकारण नाही, कारण सुटे भाग घेण्यासाठी नौपाडकर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडवर जातो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असून, १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांना आपले नाव पुढे रॅमच्या भावाशी जोडले जाईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तोच भाग ठाण्यात चारशे रुपये जास्त देऊन मिळतो, ही गोष्ट प्रवासाचे भाडे, उसाचा रस, बुडालेला दिवस आणि घरी आल्यावर लागणारा शोध यांच्याशी ताडून पाहण्याची पद्धत नाही. घरी लागणारा शोध बहुधा असा असतो की, आणलेली पट्टी डेस्कटॉपची आहे. डीडीआर-४ जातीत लॅपटॉपच्या पट्टीला २६० आणि डेस्कटॉपच्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात, शिवाय लांबी जवळजवळ दुप्पट. तरीही ‘जरा दाबून बसते का’ हे पाहिले जातेच.

उघडलेले यंत्र पुन्हा बंद करताना दोन-तीन स्क्रू उरतात. त्यांची वासलात लावण्याच्या रीती घराघरांत निराळ्या असल्या तरी देव्हाऱ्यातल्या वाटीत ते ठेवणे सर्वांत रूढ दिसते. स्क्रू उरणे त्या मानाने निरुपद्रवी. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळून थेट मंडलात घुसवणे हा मात्र सी-३ला एका फेऱ्यात सी-१ करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

जुन्या इमारतींत आणखी एक विकार आढळतो. अडॅप्टरला तीन पिना असतात, त्यांतली तिसरी जमिनीशी जोडणारी, म्हणजे अर्थिंगची. पण भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये ती जोडणी एक तर तुटलेली असते किंवा दोन पिनांचा जोड लावून ती टाळलेली असते. मग धातूच्या अंगाच्या यंत्राला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. यावर इलेक्ट्रिशियन बोलावण्याऐवजी चपला घालून कामाला बसण्याची प्रथा पडली आहे, आणि ज्या घरांत उंबऱ्याच्या आत चपला आणू देत नाहीत तेथेही कार्यठाण्यापुरती सवलत मिळते.

आता खरा सी-१. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की काही वेळा तिच्यात वायू धरून ती फुगते, आणि ती बहुधा तळहाताखाली असल्यामुळे टचपॅड उचलला जातो, झाकण नीट लागत नाही. विमानात सरसकट नेता येण्याची मर्यादा १०० वॅट-तासांची असल्याने या यंत्रांच्या बॅटऱ्या ९७ किंवा ९९ वॅट-तासांपर्यंत भरलेल्या असतात, म्हणजे आगीला पुरेल इतकी ऊर्जा त्या फुगवट्यात असते. जो समाज मंद पंख्यापायी नवे यंत्र घेण्याच्या गोष्टी करतो, तोच येथे कमालीचा संयम दाखवतो: फुगलेल्या यंत्रावर रात्री दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून ते दाबून बसवले जाते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, भरू नये. ती जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. या लेखात विनोद नसलेली ही दोनच वाक्ये आहेत.

इतके सारे निभावलेल्या यंत्रालाही शेवटी कागद आडवा येतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षाचकती व, इंटेलच्या बाबतीत थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१५-१६ सालचे, चार खोबणींचे, ६४ जीबी रॅमचे, विटेवर भक्कम उभे असलेले कार्यठाणे अपात्र ठरते, आणि त्याच्या एक चतुर्थांश ताकदीचा दोन-तीन वर्षांनी धाकटा, पुठ्ठ्यासारखा लॅपटॉप पात्र. इमारत मजबूत असून भोगवटा प्रमाणपत्र नाही, अशी ही अवस्था. ती ठाण्यात कोणास अपरिचित नसल्याने मालक फारसा डगमगत नाही; प्रमाणपत्राविना राहणारे जसे राहतात तसा तोही चालवत राहतो.

या यंत्रांचे पंखे हवा पोटाखालून आत ओढतात. तेव्हा ज्या वाचकाचे कार्यठाणे या घटकेला गादीवर किंवा गोधडीवर ठेवलेले असेल, त्याने भाच्याला फोन लावण्यापूर्वी ते उचलून टेबलावर ठेवावे.